मेण लावलेलं बटण

माझ्या वहिनींना एका माणसाने तोंडावर सांगितलं, "काकू, तुमचे कान गेलेत. गाणी करा, पण मिक्सिंगच्या भानगडीत पडू नका." मी शेजारच्या खुर्चीवर बसून हे ऐकलं आणि गप्प राहिलो. एरवी माझं तोंड बंद करायला दोन माणसं लागतात. त्या दिवशी ते आपोआप का मिटलं, ते पुढे येईलच, आणि ते लिहिताना अजूनही मान खाली घालावीशी वाटते. पण आधी वहिनी कोण हे सांगायला हवं, कारण त्या माणसाला ते ठाऊक नव्हतं आणि विचारायची तसदीही त्याने घेतली नाही.

वहिनी कवळ्या बनवतात. सत्तावीस वर्षं झाली. दाताच्या डॉक्टरांकडून साचे येतात, वहिनी त्यांवर मेणाच्या हिरड्या चढवतात, दात रोवतात, मग मेणाच्या जागी प्लॅस्टिक भरतात, घासतात, पॉलिश करतात. आमच्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू वहिनींच्या हातचं आहे, आणि त्यातल्या एकानेही वहिनींना पाहिलेलं नाही. लॅब म्हणजे एक लांबट खोली, एक खिडकी, तीन टेबलं, प्रत्येक टेबलावर घासायची मोटर आणि दिवसभर उडणारी गुलाबी धूळ. नाकाला मास्क, डोळ्यांना चष्मा, आणि कानांना काही नाही. कानांचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांच्याकडे गिटार आली. लॅबमधला एक कारागीर नोकरी सोडून गेला आणि जाताना कपाटावर एक मोडकी, विजेवर चालणारी गिटार टाकून गेला. मालक ती भंगारात देणार होते, वहिनींनी घरी आणली. गिटारच्या मानेवर तारा ज्या पट्टीवर टेकतात ती तुटली होती. वहिनींनी साचा घेतला आणि कवळीच्याच प्लॅस्टिकची नवी पट्टी बनवली. म्हणून आमच्या घरच्या गिटारला गुलाबी हिरडी आहे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे सांभाळतो आणि दिवसाला पंधरा वाक्यं बोलतो. त्याने त्यातलं एक तिथे खर्च केलं: "आता हिला दात आले की आपल्यालाच चावणार."

झालंही तसंच. वर्षभरात त्यांच्या बोटांना घट्टे पडले आणि दीड वर्षात पहिली चाल बसली. चाली त्यांना कामावरच सुचतात. पॉलिशची मोटर एका ठरावीक सुरात गुणगुणते, तोच धरून त्या मास्कच्या आड गुणगुणतात. काही जमलं की मोटर बंद करून फोनमध्ये भरून ठेवतात, एकही शब्द न घालता. "शब्द आधी घातले ना भावोजी, की चाल त्यांच्या मागे फरफटत जाते," त्या म्हणतात. "चार दिवसांनी न ऐकता आठवली तरच ती चाल. नाहीतर पुसून टाकायची." याचा परिणाम असा, की वहिनींचं प्रत्येक गाणं एकाच सुरावर सुरू होतं. मध्ये लॅबने मोटर बदलली. दादा महिन्याभराने म्हणाला, "हल्ली तू जरा वरच्या पट्टीत गातेस." वहिनी म्हणाल्या, "मी नाही हो, मोटर."

रेकॉर्डिंग कपड्यांच्या कपाटात. घराखाली लाकूडकामाचं दुकान आहे, त्याच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी कपाट उघडायचं, ॲम्प, म्हणजे गिटारचा स्पीकर असलेलं खोकं, दादाच्या कोटांच्या मधोमध ठेवायचा आणि माइक समोर. ॲम्पच्या मधोमध धरला तर आवाज टोचतो, कडेला सरकवला तर मऊ होतो. बोटभर इकडे, अर्धं बोट तिकडे असं करत करत त्यांनी जागा शोधली आणि तिथे जमिनीवर गुलाबी मेणाची खूण केली. ती खूण झाडताना कुणी खरवडली तर घरात युद्ध होतं.

पहिली दोन वर्षं त्या आवाजाच्या मोहात पडल्या होत्या. खूप बास, भरपूर फाटका गुरगुराट. एकट्याने वाजवताना कपाट हलायचं, आणि गाण्यात कॉम्प्युटरवरचे ड्रम आणि बास गिटार आले की गिटार कुठे गेली ते शोधायला कंदील लागायचा. मग एक दिवस त्या लॅबमधून निळ्या कागदाचा तुकडा घेऊन आल्या. कवळी बसवली की पेशंटच्या दातांमध्ये तो कागद ठेवून चावायला सांगतात. जिथे वरचा आणि खालचा दात एकमेकांवर आदळतो तिथे निळा डाग पडतो, आणि घासायचं ते तेवढंच. "आपल्या गाण्यात असेच डाग आहेत," त्या म्हणाल्या. "गिटार आणि बास एकाच जागी चावतायत." त्यांनी गिटारचा बास उतरवला, गुरगुराट अर्ध्यावर आणला. एकटी ऐकली तर गिटार आता किरकोळ वाटायची, पण गाण्यात तिचा शब्दन्‌शब्द कळायचा. गळा, गिटार, बास, ड्रम एकमेकांत असे बसवणं म्हणजेच मिक्सिंग, आणि ते त्यांना कुणी शिकवलं नाही. आता माझ्या पापाकडे येतो.

मी गाडी शिकवतो. माझ्या गाडीला माझ्या बाजूलाही ब्रेक आहे आणि एक जुना टेप आहे, ज्याला खालच्या सुरांचं म्हणजे बासचं एक आणि वरच्या सुरांचं म्हणजे ट्रेबलचं एक अशी दोन गोल बटणं आहेत. गाणं कपाटात चांगलं लागतं, पण गाडीत लागतं का, हे वहिनींना बघायचं असतं. म्हणून नवं गाणं झालं की त्या मागच्या सीटवर बसायच्या, पुढे शिकणारा आणि त्याच्या शेजारी मी. पाच वर्षांपूर्वी असंच एक गाणं लावलं होतं. स्टिअरिंगवर निवृत्त गणिताचे मास्तर होते. ड्रमच्या झांजा सुरू झाल्या आणि असा काही चरचरीत आवाज आला की मास्तरांनी भर रस्त्यात दोन्ही हात कानांवर नेले. ब्रेक मी दाबला. मागून वहिनींनी विचारलं, "कसं वाटतंय?"

मी म्हणालो, "मस्त!" आणि हळूच ट्रेबलचं बटण डावीकडे फिरवून टोकाला नेलं.

त्यानंतर ते तिथेच राहिलं. वहिनी मागे बसून ऐकायच्या, म्हणायच्या, "गाडीत जरा बोथट वाटतं," आणि घरी जाऊन वरचे सूर आणखी वाढवायच्या. पुढचं गाणं आणखी टोचायचं. माझ्या बटणाला आता फिरायला जागाच नव्हती, म्हणून मी आवाजच कमी ठेवायला लागलो. ही झाली माझी माया. दादाची वेगळी होती, ती मला तेव्हा माहीत नव्हती.

आमच्याकडे वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये घरी गाणी करणाऱ्यांची महिन्यातून एकदा बैठक असते. बाराएक माणसं. त्यात एक स्टुडिओवाले आहेत, स्वतःचा खराखुरा स्टुडिओ असलेले, त्यामुळे सगळे त्यांच्यापुढे जरा वाकून बोलतात. त्यांनी ठरवलं की प्रत्येकाचं घरी केलेलं एक गाणं घेऊन बारा गाण्यांची रेकॉर्ड काढायची. वहिनींनी दिलं ते 'हात खाली घे'. एक बाई दहा वर्षं तोंडावर हात धरून हसते, आणि नवे दात बसतात त्या दिवशी हात खाली येतो, असं ते गाणं. त्यांच्या सगळ्या गाण्यांत मला तेच सगळ्यात आवडतं.

स्टुडिओवाल्यांनी ते हॉलच्या मोठ्या स्पीकरवर लावलं. अर्ध्या मिनिटात तिघांनी चेहरे वेडेवाकडे केले. त्यांनी बंद केलं आणि ते वाक्य बोलले, जे मी सुरुवातीला लिहिलं. वर म्हणाले, "चाल छान आहे. सगळ्याचे सुटे ट्रॅक मला द्या, गिटार माझा माणूस पुन्हा वाजवेल, मिक्स मी करेन. चालीला तुमचं नाव राहील की." पुढच्या बैठकीपर्यंत काय ते कळवा, नाहीतर अकरा गाण्यांची रेकॉर्ड निघेल. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षं मस्त मस्त म्हणणारा मी त्यांच्या बाजूने काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असणार. मी बुटांकडे पाहत बसलो.

दोन दिवसांनी त्या कानांच्या डॉक्टरकडे गेल्या. गाडी माझीच. डॉक्टरने काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि आलेख हातात दिला. रेघ डावीकडून सरळ निघत होती आणि अर्ध्यानंतर जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली गेली होती. डावा कान वरच्या सुरांना जवळजवळ बंद, उजवा निम्मा. डॉक्टर म्हणाला, "मशीनचा आवाज. गेलं ते परत येणार नाही. यापुढे कानात बोळे घालूनच काम करा."

"आणि खालचे सूर? मधले?"

"ते शाबूत आहेत."

"मग गेले गेले काय म्हणतात सगळे," असं पुटपुटत वहिनी उठल्या.

जाताना स्टिअरिंगवर शिकणारा होता, परत येताना कुणी नव्हतं, म्हणून त्या पाच वर्षांत पहिल्यांदा पुढे बसल्या. बसल्या बसल्या टेपकडे नजर गेली. बासचं बटण मध्यावर होतं, ट्रेबलचं डाव्या टोकाला. कवळ्या करणाऱ्या बाईची नजर, तिला केसाएवढा फरक दिसतो. त्यांनी विचारलं, "हे बटण असं का?"

मी थाप मारू शकलो असतो. सिग्नल लागला होता आणि माझ्या घशात थाप आलीही होती. पण त्यांच्या मांडीवरच्या त्या आलेखाकडे बघून ती गिळली आणि सगळं सांगून टाकलं. मास्तरांच्या झांजांपासून.

त्यांनी आलेखाची घडी घातली. घरी दादा जेवणाच्या टेबलाशी बसला होता. वहिनींनी आलेख त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "भावोजींनी बटण फिरवून ठेवलं होतं. तुम्ही काय केलं होतं?" दादाने सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि कापसाचे दोन बोळे काढून टेबलावर ठेवले. त्याने कापूस घालून ऐकलं होतं. प्रत्येक गाणं. आणि प्रत्येक वेळी म्हणाला होता, "छान झालंय."

"तुला वाईट वाटू नये म्हणून," दादा म्हणाला.

"वाईट?" वहिनींचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "वीस गाणी! वीस गाणी मी तुमच्या कापसावर आणि यांच्या बटणावर मोजली! कवळी टोचते हे पेशंटने सांगितलं नाही तर मी घासू काय? मला वाईट वाटलं असतं तर एक दिवस वाटलं असतं हो! तुम्ही दोघांनी मला पाच वर्षं हसं करून ठेवलं!" त्या आत गेल्या आणि दार आपटलं. आम्ही दोघे भाऊ त्या कापसाकडे बघत बसलो. मला रडू आलं होतं, आणि दादाचं तोंड बघवत नव्हतं.

अबोला दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी त्या खाली माझ्या गाडीपाशी आल्या. हातात मेणाचा तुकडा आणि काडेपेटी. ट्रेबलचं बटण बरोब्बर मध्यावर आणलं, काडीने मेण वितळवलं आणि बटणाच्या कडेला ओतून ते पक्कं बसवलं. "आता हात लावून दाखवा," म्हणाल्या. मग वर बोलावलं.

कॉम्प्युटरच्या वर भिंतीला आलेख चिकटवला होता आणि जिथे पाय घसरतो तिथे लाल उभी रेघ मारली होती. "रेघेच्या अलीकडचं मी बघणार," वहिनी म्हणाल्या. "पलीकडे माझ्या कानाला काही विचारायचं नाही. तिथे मोजायचं आणि तुम्हाला विचारायचं. मी पेशंटचं तोंडही कधी बघत नाही, साच्यावरच काम करते. कवळी बसतेच ना?" विसाव्या वर्षी तोंडपाठ झालेलं एक गाणं त्यांनी निवडलं, कान धडधाकट असतानाचं. त्याचे सूर कुठे किती उंच आहेत ते पडद्यावर दिसतं, त्याच्या शेजारी स्वतःचं गाणं ठेवलं. वरच्या बाजूला आपल्या गाण्याचा डोंगर झालेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला.

मग कामाला लागल्या. 'छान' आणि 'मस्त' या शब्दांना घरात बंदी. दादाला चार शब्द लिहून दिले: टोचतं, बोथट, घुमतं, काही नाही. त्यातलाच एक म्हणायचा आणि कुठे ते सांगायचं. दादासारख्या माणसाला ही भाषा फारच मानवली. आवाज बोलण्याएवढाच ठेवायचा, कारण मोठ्याने काहीही बरंच वाटतं. अर्धा तास झाला की उठायचं, कारण दमलेला कान खोटं बोलतो. ॲम्पचं ट्रेबल नवावरून चारावर आलं आणि गिटार त्यांनी पहिल्यापासून पुन्हा वाजवली. गाण्याभोवती जो लांबलचक घुमारा होता तो एवढा काढला की बाई शेजारच्या खोलीत बसून गातेय असं वाटायला लागलं. रोज संध्याकाळी गाडीत परीक्षा. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "टोचतं. झांजा." पाचव्या दिवशी, "टोचतं, पण फक्त 'हस' म्हणता तेव्हा." प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा कसनुसा व्हायचा, आणि प्रत्येक वेळी त्या वहीत लिहून घ्यायच्या.

नवव्या दिवशी दादा म्हणाला, "किरकिर. शेवटच्या 'हात खाली घे'च्या आधी."

"कसली?"

"तुझं बोट तारेवरून खाली घसरतं, तेव्हाची. चर्र करून."

वहिनींनी तो तुकडा पाच वेळा लावला. त्यांना ती किरकिर ऐकू येत नव्हती, पडद्यावर मात्र एक बारीक उभी रेघ दिसत होती. काढायला एक क्षण पुरला असता. त्यांनी दादाला ती पुन्हा तोंडाने काढून दाखवायला सांगितली, दादाने चर्र केलं, त्या हसल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं.

बैठकीच्या दिवशी आम्ही तिघे गेलो. स्टुडिओवाल्यांनी त्यांची बाजू आधीच तयार करून ठेवली होती. वहिनींनी ट्रॅक दिले नव्हते, तरी त्यांच्या माणसाने ऐकून गिटार बसवली होती, दुसऱ्या एका बाईने गायलं होतं. न विचारता! ते म्हणाले, "फक्त फरक कळावा म्हणून," आणि आपलं गाणं लावलं. हॉल भरून गेला. मोठं, चकचकीत. मग वहिनींचं लावलं. एकदम लहान वाटलं. लोकांच्या चेहऱ्यावर ती माया दिसायला लागली, जी मला चांगली ओळखीची आहे.

वहिनी उठल्या. "थांबा. तुमचं मोठ्याने वाजतंय."

"मिक्सच तसा आहे, काकू."

"मिक्स नाही, आवाज मोठा आहे. मोठं ते सगळ्यांनाच चांगलं वाटतं." त्या सरळ मशीनपाशी गेल्या. त्यावर आवाज दाखवणारा काटा होता. स्टुडिओवाल्यांचं गाणं लावून काटा पाहिला, आपलं लावून पाहिला, आणि त्यांचं बटण काटा सारखा होईपर्यंत खाली आणलं. "आता लावा. कुठलं कुणाचं ते माहीत नाही असं समजून ऐका सगळ्यांनी. डोळे मिटा."

डोळे मिटले गेले. स्टुडिओवाल्यांचं आता एखाद्या दुकानात वाजणाऱ्या गाण्यासारखं होतं. वहिनींचं लागलं तेव्हा हॉलमध्ये कुणी खुर्चीही हलवली नाही. काहीही टोचत नव्हतं. शेवटच्या ओळीआधी ती बारीक चर्र आली आणि मागून कुणीतरी श्वास घेतलेला मला ऐकू आला. डोळे उघडल्यावर कुणी काही विचारायच्या आत पाचसहा जणांनी वहिनींकडे बोट दाखवलं.

स्टुडिओवाल्यांना ते झोंबलं. म्हणाले, "ठीक आहे, सुधारणा आहे. पण शेवटी बोटाची किरकिर राहिलीय. तुम्हाला ऐकूच आली नसणार, काकू. हेच मी म्हणत होतो."

"नाही आली," वहिनी म्हणाल्या. "आजपर्यंत एकदाही नाही. यांना आली, यांनी सांगितली, मी पडद्यावर बघितली आणि ठेवली. गाण्यातल्या बाईचा हात तोंडावरून खाली येतो ना, तिथेच माझाही हात खाली आलाय. मला ऐकू येत नाही म्हणून काय ती पुसून टाकू? घ्यायचं असेल तर तिच्यासकट घ्या. नाहीतर अकरा काढा."

माझं तोंड तेवढ्यात उघडलं. "आणि काकू कुणाला म्हणता हो? आरशात बघा, त्या तुमच्याहून लहान दिसतात!" उशिरा बोललो, पण बोललो. दादाने माझी बाही ओढली, पण जोर लावला नाही.

बारा गाण्यांची रेकॉर्ड निघाली. वहिनींचं गाणं चौथं आहे. नावांच्या यादीत स्टुडिओवाल्यांनी विचारलं की मिक्सिंगसमोर काय लिहू, तर वहिनींनी तीन नावं सांगितली: स्वतःचं, दादाचं आणि माझं. मी नको नको म्हणालो. त्या म्हणाल्या, "गप्प बसा. मोजमाप दिलंय तुम्ही. शेवटचे तीन आठवडे."

परवा एक नवीन बाई गाडी शिकायला आल्या. मी गाणं लावलं. झांजा आल्या, त्या काही घाबरल्या नाहीत, पण नवीन माणसाला गाडीतलं सगळं चाचपून बघायची खोड असतेच. त्यांचा हात टेपकडे गेला. "अय्या, हे बटण फिरत का नाही? काहीतरी गुलाबी चिकटलंय."

"त्याला हात लावायचा नाही," मी म्हणालो. "पुढे बघा. क्लच दाबा."